नॉर्डश्लाइफ, स्पा, मोन्झा की ब्रँड्स हॅच: नव्या व्हीलवर पहिला महिना कुठे घालवावा?

भाच्याने गेल्या महिन्यात प्लेस्टेशनसाठी स्टिअरिंग व्हील आणि पेडल्स घेतली. जेवणाच्या टेबलाला व्हील क्लॅम्प केलं, ग्रॅन टुरिस्मो ७ हा कार रेसिंगचा गेम सुरू केला आणि दोन तासांनी मला फोन. "मामा, नॉर्डश्लाइफवर आहे. अजून एकही लॅप धड पूर्ण झाली नाही. व्हीलमध्ये काही प्रॉब्लेम असेल का?"

व्हील ठणठणीत होतं. चूक एवढीच, की पोहायला शिकण्यासाठी त्याने थेट समुद्र गाठला होता. नवीन व्हील घेणारे बहुतेक जण हेच करतात. यूट्यूबवर पाहिलेलं सगळ्यात थरारक सर्किट निवडायचं, आठवडाभर भिंतीत गाड्या घालायच्या आणि मग व्हील माळ्यावर. म्हणून मी ज्या सर्किटांवर सगळ्यात जास्त रात्री घालवल्या आहेत, ती इथे शेजारी शेजारी ठेवतो. आवडती आणि नावडती, दोन्ही. गृहीत एवढंच धरतो, की तुमच्याकडे घरातले झोपल्यावरचा तासभर आहे आणि गाडी साधारण जीटी३ वर्गातली (शर्यतीसाठी बांधलेली स्पोर्ट्स कार) किंवा त्याहून हळू आहे.

मी सर्किट निवडताना आधी एक हिशोब करतो. आत्ता चुकलेलं वळण पुन्हा समोर यायला किती वेळ लागतो?

नॉर्डश्लाइफची एक लॅप २०.८३२ किलोमीटरची आहे. जर्मनीतल्या आयफेल डोंगररांगांत १९२७ साली सुरू झालेला हा रस्ता सर्वात खालच्या आणि सर्वात वरच्या बिंदूत जवळजवळ ३०० मीटर चढ-उतार करतो. वळणं सत्तरच्या वर. नवख्याला जपून चालवत एका लॅपला आठ मिनिटं सहज लागतात. म्हणजे तासाभरात सात लॅप, तेही मध्ये कुठे आपटलो नाही तर. आडेनाउअर फोर्स्टला चुकलात तर ती चूक दुरुस्त करायची संधी आठ मिनिटांनी, आणि तोवर आपण नक्की कुठे ब्रेक मारला होता ते विसरून गेलेलो असतो.

आडेनाउअर फोर्स्टचं नाव मुद्दाम घेतलं. त्याच्या आधी फुक्सर्‍योरं नावाचा उतार लागतो. झाडांच्या बोगद्यातून गाडी सुसाट खाली जाते, तळाशी एक खळगा येतो, तिथे सस्पेन्शन दबतं, व्हील हातात जड होतं, आणि लगेच चढ. चढावर सगळं छान चाललंय असं वाटत असतानाच उंचवट्यापलीकडे डावं-उजवं हळू वळण दबा धरून बसलेलं असतं. ते आधी दिसत नाही. पाठ असावं लागतं. पहिल्या पन्नास वेळा तुम्ही सरळ गवतात जाणार, याची मी खात्री देतो. भाचाही तिथेच जात होता.

तरीसुद्धा नॉर्डश्लाइफ माझ्या आवडत्यांत सगळ्यात वर आहे. कारुसेलच्या काँक्रीटच्या खोलगट पट्ट्यात डावी चाकं टाकली की व्हील असं थडथडतं, की टेबलावरचा पाण्याचा ग्लास सरकतो. ऑगस्ट १९७६ मध्ये फॉर्म्युला वन चालक निकी लाउडा इथेच बेर्गवेर्कजवळ जळत्या गाडीत अडकला होता. त्यानंतर फॉर्म्युला वन या रस्त्यावर परतली नाही. गेममध्ये त्या जागेवरून जाताना दर वेळी पाय थ्रॉटलवरून (अ‍ॅक्सिलरेटरवरून) जरासा उचलला जातो, उगाचच. हे सर्किट घाट शिकण्यासारखं शिकावं लागतं. वरंध्याचा घाट कोणी एका दिवसात पाठ करत नाही. आज पहिले पाच किलोमीटर, पुढच्या आठवड्यात त्यापुढचे पाच. एकदा माझी तोवरची सर्वात चांगली लॅप चालू होती, डॉटिंगर होहेच्या लांबलचक सरळ रस्त्यावर पोहोचलो होतो, आणि घरातली वीज गेली. तो दुखवटा मी दोन दिवस पाळला.

तेव्हा नॉर्डश्लाइफ घ्यायचंच, पण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. शिवाय ग्रॅन टुरिस्मो ७ मध्ये ते आयतं मिळत असलं, तरी असेटो कोर्सा, असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने आणि आयरेसिंग या तिन्ही गेममध्ये त्याचे वेगळे पैसे मोजावे लागतात. ज्या रस्त्यावर तुम्ही महिनाभर फक्त गवत पाहणार, त्यासाठी आधीच खिसा कशाला हलका करायचा?

आता स्पा. बेल्जियममधलं ७.००४ किलोमीटरचं सर्किट, जीटी३ मध्ये चांगल्या चालकाची लॅप दोन मिनिटं वीस सेकंदांच्या आसपास. तासाला पंचवीसेक लॅप होतात. बहुतेकांना ओ रूज म्हटलं की तो डोंगरावर चढणारा भाग आठवतो. खरं तर ओ रूज म्हणजे तळाशी ओढ्याजवळचं डावं वळण, आणि वर चढतो तो रेडियों. खाली गाडी दबते, व्हील घट्ट होतं, माथ्यावर पोहोचताच एकदम हलकं पडतं. त्या हलक्या क्षणी नवखा घाबरून थ्रॉटल सोडतो. वजन पुढच्या चाकांवर येतं, मागची चाकं मोकळी होतात, आणि गाडी गिरकी घेते. उपाय ऐकायला विचित्र आहे. आत शिरताना थोडं हळू जा, पण वर चढताना पाय स्थिर ठेवा.

एक गोष्ट स्क्रीन सांगत नाही. हा चढ दिसतो त्यापेक्षा खूपच उभा आहे. एकाच मॉनिटरवर, त्यातही फील्ड ऑफ व्ह्यू रुंद ठेवलं असेल तर, सगळे डोंगर इस्त्री केल्यासारखे सपाट दिसतात. ते सेटिंग नीट केलं की स्पा निम्मं सोपं होतं. आपण किती वेगात आहोत ते डोळ्यांना खरंखरं कळायला लागतं.

स्पाची खरी शाळा मात्र पुढे, ब्रुसेल नावाच्या उतारावरच्या लांब उजव्या वळणात. उतारावर पुढची चाकं सरकायला लागतात, माणूस व्हील आणखी वळवतो, गाडी आणखी सरळ जाते. इथे थांबायला शिकलात, म्हणजे व्हील उलट थोडं सोडून पकड परत येऊ द्यायला शिकलात, तर अंडरस्टिअर हा विषय सुटला म्हणायचं. आणि पूओंचं दुहेरी डावं वळण एकदा जमलं, तर त्या रात्री झोप येत नाही. पावसात तर हे सर्किट वेगळाच प्राणी आहे. १९९८ च्या शर्यतीत पहिल्याच लॅपला, पहिल्या वळणातून बाहेर पडताच, तेरा गाड्या एकमेकींत घुसल्या होत्या. ऑनलाइन लॉबीत, म्हणजे अनोळखी खेळाडूंबरोबरच्या शर्यतीत, हे दृश्य कोरड्या रस्त्यावरही रोज दिसतं.

एक बारीकसा इशारा. २०२२ साली तिथे बरेच बदल झाले. रेडियोंच्या बाहेरची मोकळी जागा वाढली, काही वळणांना खडी परत आली. काही गेममध्ये अजून त्याआधीचं स्पा आहे. टीव्हीवरची शर्यत पाहून ब्रेकिंग पॉइंट उचललात आणि ते जुळले नाहीत, तर चक्रावून जाऊ नका.

आणि इटलीतलं मोन्झा. माझं सर्वांत नावडतं, हे लिहिताना अंगावर दगड येणार हे माहीत आहे. १९२२ सालचं मंदिर आहे ते, वेगाचं. ५.७९३ किलोमीटर, फक्त अकरा वळणं. एकट्याने चालवायला सुरेख. दोन्ही लेस्मो, आस्कारी, शेवटची पाराबोलिका, यातल्या कुठल्याच वळणाबद्दल तक्रार नाही. पाराबोलिकाला आता इटालियन चालक मिकेले आल्बोरेतोचं नाव आहे, पण जुनं नाव कोणाच्याच तोंडून जात नाही. माझा राग फक्त पहिल्या शिकेनवर, म्हणजे लागोपाठच्या दोन अगदी हळू वळणांवर आहे. लांबलचक सरळ रस्त्यावरून सुसाट यायचं आणि थेट दुसऱ्या, कधी पहिल्या गिअरमध्ये उतरायचं. एकट्याने हा ब्रेकिंगचा उत्तम रियाज आहे. ऑनलाइन वीस गाड्यांबरोबर मात्र हा नळावरचा नंबर आहे. पुढच्याला वाटतं आपण आधी, मागच्याला ब्रेकच आठवत नाही, आणि तुम्ही मधे.

आयरेसिंगमध्ये तर दुखणं दुप्पट. तिथलं सेफ्टी रेटिंग दर घटनेमागे तुम्ही किती वळणं सुखरूप पार केलीत यावर चालतं. जिथे लॅपला अकराच वळणं, तिथे एका धक्क्याची भरपाई करायला किती लॅप लागतात ते तुम्हीच मोजा. मागच्याने ठोकलं तरी गुण तुमच्याही नावावर लागतात.

शिवाय मोन्झामुळे आमच्या इमारतीत माझी शोभा झाली. जोरात ब्रेक मारायचा म्हणजे पेडलवर लाथच घालायची, आणि पेडल्स फरशीवर. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एके दिवशी जिन्यात थांबवून विचारलं, "रात्री अकरानंतर काय कुटत असता हो?" आता पेडल्सखाली जुनी सतरंजी आहे. ब्रँड्स हॅचवर खेळलो असतो तर काकूंना पत्ता लागला नसता.

कारण ब्रँड्स हॅच! इंग्लंडमधल्या केंट परगण्यातलं हे सर्किट फारसं कोणी स्वप्नात पाहत नाही, आणि मी नवख्याला देतो ते हेच. त्याचं छोटं रूप, इंडी सर्किट, दोन किलोमीटरही नाही. जीटी३ मध्ये लॅप पाऊण मिनिटाची, साध्या रोडस्टरमध्येही मिनिटभराचीच. म्हणजे तासात साठेक वेळा तेच पॅडॉक हिल बेंड. आणि त्या एका वळणात सगळं आहे. उजवीकडे वळतानाच जमीन पायाखालून निघून जाते, तळाशी गाडी दबते, लगेच चढ, वर ड्रुइड्सचा हेअरपिन. रेडियोंवर घ्यायचा अनुभव इथे निम्म्या वेगात, निम्म्या भीतीत मिळतो. बाहेर लगेच गवत आहे आणि रस्ता अरुंद, त्यामुळे आळशी लाइनची किंमत ताबडतोब चुकती करावी लागते. आठवडाभराने मोठं ग्रां प्री सर्किट उघडा. जंगलात शिरल्यावर हॉथॉर्न आणि वेस्टफील्ड ही वेगवान वळणं लागतात, तिथे हात थरथरले तर समजा की बरोबर चाललंय.

आयरेसिंग घेतलं असेल तर ब्रँड्स हॅचऐवजी लागुना सेका. ते वर्गणीतच येतं, माझ्दा एमएक्स-५ सुद्धा. कॅलिफोर्नियातलं हे ३.६ किलोमीटरचं सर्किट सगळ्यांना कॉर्कस्क्रूमुळे माहीत आहे. चढ चढत जायचं, माथ्यावर ब्रेक, आणि डावीकडे वळल्यावर रस्ता सुमारे १८ मीटर खाली कोसळतो. वळताना पुढचं काहीच दिसत नाही, म्हणून पलीकडच्या झाडाच्या शेंड्यावर नजर ठेवून उडी मारायची. १९९६ साली अ‍ॅलेक्स झनार्डीने शेवटच्या लॅपला इथेच आतल्या मातीवरून गाडी काढत ब्रायन हर्टाला मागे टाकलं होतं. लॉबीतल्या प्रत्येक दुसऱ्या माणसाला तो झनार्डी व्हायचं असतं, हे ध्यानात ठेवून पहिल्या लॅपला तिथे जरा मागेच राहा.

उरलेल्यांचं थोडक्यात. सुझुका अप्रतिम आहे, पण सुरुवातीच्या सलग एस-वळणांत पहिलं चुकलं की पाचव्यापर्यंत हप्ते फेडत बसावं लागतं. दोन महिन्यांनी घ्या. मोनॅको टाळा. ३.३३७ किलोमीटर, दोन्हीकडे लोखंड. १९८८ मध्ये जवळपास मिनिटभर आघाडीवर असलेला आयर्टन सेना पोर्टिये वळणाला भिंतीत गेला, तिथे आपलं कितीसं लक्ष टिकणार? पॉल रिकारच्या त्या निळ्या-लाल पट्ट्या बघून मला गरगरतं. खऱ्या सर्किटवर त्या गाडीचा वेग मारायला आहेत. पडद्यावर मात्र रस्ता कुठे संपला आणि पट्टे कुठे सुरू झाले तेच कळत नाही. ना झाड, ना फलक, ब्रेक कशाकडे बघून मारायचा? कोणाला आवडत असेल तर हात जोडून नमस्कार.

"मग आपलं बुद्ध?" हा प्रश्न भाच्याने विचारलाच. ग्रेटर नोएडाचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट, ५.१२५ किलोमीटर, हर्मन टिल्के यांची आखणी. २०११ ते २०१३ अशा तीनच फॉर्म्युला वन शर्यती झाल्या, तिन्ही सेबास्टियन फेटेलने जिंकल्या. त्या वर्षांच्या अधिकृत एफ-वन गेममध्ये ते होतं. आता चाहत्यांनी बनवलेले मॉड शोधावे लागतात, आणि मॉडमधले उंचवटे-खळगे म्हणजे बहुतेक अंदाजपंचे. लेझर स्कॅन केलेल्या रस्त्यावर व्हील जे बोलतं ते इथे ऐकू येत नाही. तरी त्या दहाव्या-अकराव्या वळणाचा लांबच लांब उजवा वळसा एकदा चालवून बघाच. वळण संपतच नाही, आणि व्हील धरून धरून मनगट दुखायला लागतं. सर्किट म्हणून मी त्याला स्पाच्या खाली आणि मोन्झाच्या वर ठेवतो. यात थोडा पक्षपात आहे, असू दे.

भाच्याला इंडी सर्किटवर बसवून तीन आठवडे झाले. काल रात्री त्याने लॅप टाइमचा फोटो पाठवला, आधीपेक्षा चार सेकंदांनी कमी. खाली लिहिलं होतं, "पॅडॉकला आता डोळे मिटत नाही." पाठोपाठ दुसरा मेसेज आला: "मामा, नॉर्डश्लाइफचे पहिले पाच किलोमीटर म्हणजे नक्की कुठपर्यंत?"

आडेनाउअर फोर्स्ट ओलांडेपर्यंत, असं कळवलं आहे.