‘काइंड ऑफ ब्लू’ : कोणती प्रत घ्यावी आणि कशी ऐकावी

ख्याल ऐकून कान तयार झालेल्या माणसाने जॅझची पहिली तबकडी कोणती घ्यावी, असे कोणी विचारले तर मी अमेरिकन ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या ‘काइंड ऑफ ब्लू’चे नाव निःसंकोचपणे सांगतो, आणि हे मत माझ्या एकट्याचे नाही. नागपूरच्या धरमपेठेत एका स्नेह्यांकडे आम्ही काही मंडळी अधूनमधून तबकड्या ऐकायला जमतो. त्यांतले बहुतेक जण वसंतराव देशपांडे सभागृहातल्या मैफली न चुकवणारे आणि पाश्चात्त्य वाद्यसंगीताविषयी थोडे साशंकच आहेत. जॅझमधली हीच एक तबकडी अशी निघाली, की जी संपल्यावर ‘पुन्हा लावा’ अशी फर्माईश झाली.

ध्वनिमुद्रण १९५९ सालचे आहे. न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया कंपनीने एका जुन्या चर्चच्या इमारतीत थाटलेल्या स्टुडिओत २ मार्च आणि २२ एप्रिल अशा दोन बैठकांत ते उरकले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तबकडी बाजारात आली. ट्रम्पेटवर स्वतः माइल्स, टेनर सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन, आल्टो सॅक्सोफोनवर कॅननबॉल ॲडर्ली, पियानोवर बिल इव्हान्स, बासवर, म्हणजे खर्जातल्या मोठ्या तंतुवाद्यावर, पॉल चेंबर्स आणि ड्रम्सवर जिमी कॉब असा संच आहे. ‘फ्रेडी फ्रीलोडर’ या एका रचनेपुरते पियानोवर विंटन केली बसले आहेत.

आपल्याकडच्या श्रोत्याला ही तबकडी जवळची वाटते, त्याचे कारण पहिल्याच रचनेत, ‘सो व्हॉट’मध्ये, सापडते. त्या काळच्या जॅझमध्ये कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, भराभर बदलत असत आणि एकल वाजवणाऱ्याला त्यांच्यामागे धावावे लागे. इथे माइल्स यांनी ती धावपळच काढून टाकली. ३२ बारांच्या (बार म्हणजे इथे चार मात्रांचा गट) आवर्तनात पहिले १६ बार एकच स्वरसप्तक, मग आठ बार तेच सप्तक अर्ध्या सुराने वर, आणि शेवटचे आठ बार पुन्हा मूळ जागी, एवढाच आराखडा आहे. ते सप्तक डोरियन नावाचे, म्हणजे कोमल गंधार आणि कोमल निषाद घेणारे आपल्या काफी थाटाचेच स्वर होत. आमच्यातल्या एका पेटीवादकांनी पांढरी दोनला षड्ज धरून साथ करायला सुरुवात केली आणि सोळा बार ते मजेत वाजवत राहिले. मग सारा वाद्यमेळ काळी दोनवर चढला तेव्हा त्यांचे बोट पट्टीवरच थांबले आणि ते म्हणाले, ‘अरे बाप्पा, यांनी तर षड्जच बदलून टाकला!’ तानपुऱ्याच्या अढळ षड्जाची सवय असलेल्या कानाला हा धक्का बसतोच. म्हणून या संगीतात काफी राग शोधायला जाऊ नये. इथे ना चलन आहे, ना वादी-संवादी. सवडीने विचार करायला मोकळी केलेली जागा तेवढी आहे, आणि त्या जागेचा वापर प्रत्येक वादक आपापल्या स्वभावानुसार करतो.

त्या वापरातला एक क्षण मुद्दाम कान देऊन ऐकावा. ‘सो व्हॉट’च्या आरंभी बास आणि पियानो लयीच्या बंधनाबाहेर, चाचपडल्यासारखे काही बोलतात, मग बास एक सवाल टाकतो आणि बाकीची वाद्ये दोनच सुरांत जबाब देतात. ही सवाल-जवाबाची अस्ताई आटोपल्यावर माइल्स यांचे एकल सुरू होते, आणि नेमक्या त्याच ठिकाणी जिमी कॉब झांजेवर एक खणखणीत आघात करतात, जो हळूहळू विरत असताना ट्रम्पेट पहिली काही वाक्ये म्हणून मोकळा होतो. माइल्स फार थोडे सूर वाजवतात आणि एका वाक्यानंतर दुसऱ्याची घाई करत नाहीत. पाठोपाठ कोल्ट्रेन येतात ते जणू सगळे आजच सांगून संपवायचे आहे अशा आवेगाने. या दोन स्वभावांतला फरक कळला की तबकडीचे अर्धे मर्म हाती लागते. नागपूरच्या उन्हाळ्यात कुलर बंद करणे ही शिक्षाच आहे, परंतु चालू कुलरच्या घरघरीत आरंभीचा बास पार बुडून जातो. आम्ही ही बैठक आता रात्री उशिरा, बाहेर थोडे निवल्यावर ठेवतो. कॅफेमध्ये गप्पांच्या मागे ही तबकडी वाजताना ऐकली की मला वाईट वाटते, कारण तिथे या संगीतातली शांतता तेवढी वगळली जाते.

वरातीच्या बँडमुळे आपल्याला ट्रम्पेट माहीत आहे तो भर रस्त्यात चार वाद्यांच्या वर चढणारा. ‘ब्लू इन ग्रीन’मध्ये माइल्स ट्रम्पेटच्या तोंडात हार्मन म्यूट नावाचे धातूचे बूच बसवतात आणि मायक्रोफोनच्या अगदी जवळ वाजवतात, त्यामुळे आवाज बारीक, धारदार आणि जवळून ऐकू येणाऱ्या श्वासासारखा होतो. ॲडर्ली या रचनेत नाहीतच. तिचे श्रेय माइल्स यांच्या नावावर छापले गेले, मात्र ती आपली असल्याचे इव्हान्स सांगत असत. पियानोचा पहिला हात ऐकला की माझा कल इव्हान्स यांच्याकडे झुकतो.

‘फ्रेडी फ्रीलोडर’ हा बारा बारांच्या ठरलेल्या साच्यातला सरळ ब्लूज असून केली यांची खेळकर बोटे सोडली तर तबकडीतला तो सर्वांत सामान्य भाग आहे. ‘ऑल ब्लूज’ सहाच्या वजनात डुलतो, त्यामुळे दादऱ्याची सवय असलेल्यांचा हात आपोआप मांडीवर पडतो.

आता प्रत कोणती घ्यावी याविषयी. मार्चच्या बैठकीत मुख्य ध्वनिमुद्रण यंत्र किंचित संथ फिरत होते, म्हणून पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना तबकडीवर किंचित चढ्या सुरात उतरल्या आणि ही चूक तीसहून अधिक वर्षे तशीच छापली गेली. योग्य गतीने फिरलेल्या दुसऱ्या यंत्रावरची फीत वापरून ती १९९२ साली दुरुस्त झाली. जुन्या छापाबरोबर आमच्या पेटीवादकांचा सूर जुळेना, नव्याबरोबर तत्काळ जुळला. संग्राहकांना जुना छाप प्रिय असेल, पण ऐकण्यासाठी घ्यायची असेल तर गती सुधारलेली आवृत्तीच घ्यावी आणि विक्रेत्याला तसे स्पष्ट विचारावे. एका विक्रेत्याकडून ऐन मे महिन्यात मागवलेली प्रत माझ्याकडे चक्क वाकून आली, तेव्हा विदर्भातल्या वाचकांनी ही खरेदी पावसाळ्यानंतर करावी, आणि तबकड्या आडव्या रचून न ठेवता उभ्या, भिंतीच्या तापापासून दूर ठेवाव्यात.

हा खटाटोप नको असेल त्यांनी नंतरच्या आवृत्तीची सीडी घ्यावी. तीत ‘फ्लेमेन्को स्केचेस’चे आणखी एक संपूर्ण वादन मिळते. ही रचना पाच स्वरसप्तकांची आहे आणि प्रत्येक सप्तकावर किती वेळ रेंगाळायचे ते वादकाच्या मर्जीवर सोडलेले आहे, त्यामुळे दोन्ही वादने शेजारी ठेवून ऐकण्यात मोठा आनंद आहे. मूळ वेष्टनावरच्या टिपणात इव्हान्स यांनी प्रत्येक रचनेचे पहिलेच संपूर्ण वादन स्वीकारले गेल्याचे लिहिले आहे. या जादा वादनाने ते विधान खोटे पाडले, कारण पहिले हेच होते आणि तबकडीवर गेले ते नंतरचे. आमच्या मंडळींत यावर अजून एकमत नाही. मला तबकडीवरचे अधिक पटते. चौथ्या सप्तकाच्या स्पॅनिश छटेवर माइल्स त्यात ज्या निवांतपणे उतरतात, तो निवांतपणा पहिल्या खेपेस अजून आलेला नव्हता.