तिसरा कूलर: प्रीबिल्ट पीसीचं कूलिंग बदलून ८ महिने झाले, त्याचा अनुभव

कूलर घेतोय म्हणून घरात सांगितलं तर बाबा म्हणाले, घरात दोन कूलर असताना तिसरा काऊन पाहिजे बे तुला? नागपुरात एप्रिलमध्ये कूलर म्हटलं की वाळ्याच्या ताट्या आणि रोज संध्याकाळी पाइप लावून टाकी भरायची ड्युटी, दुसरा अर्थच नाही. शेवटी पीसीची बाजूची काच काढून आतला, प्रोसेसर थंड ठेवणारा तळहाताएवढा ठोकळा दाखवला तेव्हा पटलं, तेही अर्धवट.

पीसी २०२२ च्या दिवाळीतला. मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, सिझन डोक्यावर होता, पार्ट गोळा करत बसायला वेळ नव्हता म्हणून रेडीमेड उचलला. एएमडी कंपनीचा रायझन ७ ५८००एक्स प्रोसेसर, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, बी५५० मदरबोर्ड, पुढे चकाचक काच आणि तीन आरजीबी पंखे. विकणाऱ्याचं नाव घेत नाही, भांडून झालंय. आता गंमत बघा, ५८००एक्सच्या बॉक्समध्ये एएमडी कूलर देतच नाही, म्हणजे कूलर विकणाऱ्यानेच बसवायचा, आणि त्याने बसवला तो ६५ वॅटच्या प्रोसेसरसोबत येतो तसला बुटका ठोकळा, जेव्हा हा प्रोसेसर फुल लोडवर १४२ वॅटपर्यंत खेचू शकतो. हिवाळ्यात काही कळलं नाही. मार्चअखेरीस रूममध्ये ३६ डिग्री झालं आणि रेंडर लावला की तापमान सरळ ९० वर जाऊन चिकटायचं. ९० हीच या प्रोसेसरची लिमिट, त्यापुढे तो स्वतःच स्पीड कमी करतो. सिनेबेंच आर२३ मध्ये (प्रोसेसरचा दम मोजायची टेस्ट) स्कोर १३,७०० च्या आसपास, सगळे कोर ४.१ गिगाहर्ट्झवर लटकलेले, आणि आवाज मिक्सरसारखा.

सगळ्यात आधी केलं ते फुकटातलं. बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन बघितलं तर ३२०० स्पीडची रॅम २६६६ वर चालत होती, एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण स्पीडवर चालवायचं सेटिंग, कोणी चालूच केलं नव्हतं, त्यात १६ जीबीची एकच काडी. एक्सएमपी चालू केलं, नंतर तशीच दुसरी काडी टाकून ड्युअल चॅनल केलं, म्हणजे दोन्ही काड्या एकदम चालतात. गेममध्ये मला जो फरक दिसला तो जास्त करून इथूनच आला, पुढच्या सगळ्या उचापतींपेक्षा जास्त. माझं नशीब की बोर्ड बाजारात मिळतो तसलाच होता त्यामुळे बायोस पूर्ण उघडा. मोठ्या कंपन्यांच्या स्वतःच्या बोर्डांत बऱ्याचदा हे ऑप्शन दिसतच नाहीत, घेण्याआधी तेवढं विचारून घ्या.

मग कूलर. डीपकूल एके४०० घेतला, उष्णता वर नेणाऱ्या चार नळ्या (हीटपाइप), १२० एमएमचा पंखा, उंची १५५ एमएम. ऑर्डर करण्याआधी पट्टी घेऊन प्रोसेसरपासून काचेपर्यंत मोजलं, जेमतेम १६ सेंटीमीटर भरलं. पाच मिलिमीटरवर निभावलं.

आता माझा मूर्खपणा. जुना कूलर काढायला पीसी थंडच होता, स्क्रू सोडवले आणि सरळ वर ओढला. कट्ट आवाज आला आणि हातात कूलर, कूलरला चिकटलेला प्रोसेसर. सॉकेटचा खटका बंद होता तरी उपटून आला! प्रोसेसर आणि कूलरच्या मधली थर्मल पेस्ट वाळून सिमेंट झाली होती. एएम४ मध्ये, म्हणजे या प्रोसेसरच्या सॉकेटात, पिना प्रोसेसरला असतात, १३३१ पिना, आणि कोपऱ्यातल्या तीन वाकड्या. घाम फुटला बावा, उन्हाळ्याचा नाही. ०.७ च्या पेन्सिलमधली शिसं काढून टाकली आणि तिची नळी एकेका पिनेवर चढवून, मोबाइलचा टॉर्च तोंडात धरून, केसभर केसभर सरळ केल्या. पाऊण तास गेला. खटका उघडून प्रोसेसर वर ठेवला, तो आपोआप आत बसेपर्यंत श्वास घेतला नाही. तुम्ही काढाल तेव्हा आधी दहा मिनिटं सिनेबेंच चालवून पेस्ट गरम करा, पीसी बंद करा, मग कूलर डावीकडे उजवीकडे पिळून सुटू द्या, ओढू नका. आणि बोर्डावरच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांचे चार स्क्रू काढले की मागची प्लेट खाली पडते, मागून हात द्या.

नव्या कूलरवर तेच सेटिंग, तीच रूम, ८५-८६ डिग्री आणि १४,९०० स्कोर. कमी वाटेल कोणाला, पण या प्रोसेसरचे आठही कोर ८० चौरस मिलिमीटरच्या एकाच चिपमध्ये कोंबलेत, एवढ्याशा जागेतून उष्णता वरच लवकर येत नाही, त्यामुळे अजून महागडा कूलर लावला तरी फरक खर्चाच्या मानाने पडत नाही. लिक्विड कूलरच्या भानगडीत म्हणूनच पडलो नाही.

मग हात शिवशिवले. मॅन्युअल ओव्हरक्लॉक, म्हणजे स्पीड हाताने वाढवून पक्का करायचा: सगळे कोर ४.६ वर, १.३ व्होल्ट. स्कोर १५,४०० आणि तापमान ९२, कारण मॅन्युअलमध्ये ती ९० ची लिमिट तशी राहत नाही. वर सिंगल कोर मंदावला, आधी एकेक कोर ४.८ च्या पुढे जायचा तो आता ४.६ वरच अडकला. टाइमलाइन ओढताना जाणवत होतं. दोन दिवसांत काढून टाकलं.

शेवटी कर्व्ह ऑप्टिमायझर. यात प्रत्येक कोरचा व्होल्टेज थोडा थोडा खाली आणायचा. हावरटपणा केला आणि सगळ्या कोरला मायनस ३० टाकलं, सिनेबेंच मस्त पास, ओसीसीटीची लोड टेस्टही पास, मी खूश. चौथ्या दिवशी काहीच चालू नसताना, ब्राउझरमध्ये नुसती क्लायंटची मेल उघडी होती, स्क्रीन काळी आणि रीस्टार्ट. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (एररची नोंदवही) व्हीया (WHEA) लॉगर १८, म्हणजे हार्डवेअरचा एरर. हा लोडवर नाही, रिकामा असतानाच पडतो, कारण तेव्हाच एखादा कोर कमी व्होल्टेजवर वर उसळतो. कोअरसायकलर (एकेक कोर तपासणारा प्रोग्राम) रात्रभर चालवून शोधलं, सगळ्यात चांगले दोन कोर मायनस १० वर आणि बाकीचे मायनस २० वर ठेवले. वर पीपीटी, म्हणजे प्रोसेसरने किती वॅट खेचायचे ती लिमिट, ११० वॅट केली. आता मे महिन्याच्या दुपारीसुद्धा ७७ च्या वर गेला नाही आणि स्कोर १५,२००. एएमडीच्या नियमाप्रमाणे पीबीओने (कर्व्ह ऑप्टिमायझर त्यातलाच) झालेलं नुकसानही वॉरंटीत बसत नाही, ते मान्य असेल तरच हात घाला.

पंख्याचं एक राहिलं, रायझनचं तापमान क्षणात दहा डिग्री उडतं त्यामुळे पंखा सारखा घुर्र-शांत-घुर्र करायचा, बायोसमध्ये थोडा डिले टाकल्यावर थांबला.

आणि ती पुढची चकाचक काच! एकदा सहज काढली तर तापमान चार डिग्री खाली. पंखे बिचारे बाजूच्या बोटभर फटीतून हवा ओढत होते. काच आता पलंगाखाली आहे, तिच्या जागी मच्छरदाणीची जाळी डबल टेपने लावलीय. दिसते भंगार. घरातला मोठा कूलर चालू असला की दमट हवेत धूळ जाळीवर चिकटून पापुद्रा होतो, दर पंधरा दिवसांनी काढून धुतो. मागच्या वेळी बाबांनीच धुतली, त्यांच्या ताट्यांसोबत, आणि उलटी लावून ठेवली.