मुंबईतील प्रौढ दीक्षावर्ग : एका दीक्षार्थीचा अभिप्राय

मुंबईच्या उपनगरातील एका कॅथलिक धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) गेले वर्षभर मी प्रौढांच्या दीक्षावर्गाला, म्हणजे ख्रिस्ती होऊ इच्छिणाऱ्या प्रौढांच्या तयारीच्या वर्गाला, जात होतो. चर्चमध्ये सगळे त्याला ‘आरसीआयए’ (राइट ऑफ ख्रिश्चन इनिशिएशन ऑफ अ‍ॅडल्ट्स) असेच म्हणतात. प्रौढांना टप्प्याटप्प्याने ख्रिस्तमंडळात सामावून घेण्याच्या प्राचीन पद्धतीचे पुनरुज्जीवन करावे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने) ठरवले आणि १९७२ मध्ये रोमने त्याचा विधी प्रसिद्ध केला. आमचा वर्ग त्याच चौकटीत चालतो.

पहिले दोन-तीन महिने केवळ शंका विचारण्याचे होते. नोंदणी, शुल्क, वचन यांपैकी काहीही मागितले गेले नाही. विवाहासाठी आलेल्या एका तरुणाला तर धर्मगुरूंनी पहिल्याच दिवशी सांगितले, की बिशपांची अनुज्ञा मिळाल्यास धर्म न बदलताही चर्चमध्ये लग्न लागू शकते, तेव्हा केवळ त्या कारणासाठी स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) घेऊ नये. माणसे जोडायला बसलेल्या संस्थेकडून अशा सल्ल्याची माझी अपेक्षा नव्हती.

त्यानंतर कपाळावर क्रुसाची खूण करून आम्हांला दीक्षार्थी म्हणून स्वीकारण्यात आले. रविवारच्या मिस्सेत (चर्चमधील सामूहिक उपासनेत) प्रवचन संपताच आम्हांला आशीर्वाद देऊन बाहेर पाठवले जाई आणि शेजारच्या खोलीत त्याच दिवसाच्या वाचनावर चर्चा होई. सुरुवातीला हे उठून जाणे अवमानकारक वाटले. पुढे मात्र ख्रिस्तप्रसाद (मिस्सेत दिली जाणारी पवित्र भाकर) ही वाट पाहून मिळवण्याची गोष्ट आहे, हे कोणत्याही व्याख्यानापेक्षा त्या रिकाम्या बाकांनीच मला अधिक समजावले.

त्रुटीही सांगितल्या पाहिजेत. शिकवणे बहुतांशी इंग्रजीत होते. शेजारच्या वसई धर्मप्रांतात मराठी मिस्सा नित्याची असताना आमच्याकडे एकही मराठी टिपण मिळू नये, हे खटकते. त्याहून गंभीर बाब अशी, की १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीला अनुसूचित जातीचा दर्जा राहत नाही, याचा वर्गात कोणीही उल्लेख केला नाही. ज्याच्या मुलांच्या शिक्षणावर आणि नोकरीवर याचा परिणाम होणार आहे, त्याला ते वर्गातच आणि वेळेवर कळायला हवे.

ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळाच्या (लेंटच्या) पहिल्या रविवारी निवडविधी, म्हणजे स्नानसंस्कारासाठी दीक्षार्थींची निवड जाहीर करण्याचा विधी, असतो. त्याआधी मी थांबण्याची इच्छा व्यक्त केली. पापनिवेदनाबाबतचे (धर्मगुरूंपुढे पापांची कबुली देण्याबाबतचे) माझे प्रश्न सुटलेले नव्हते. कोणीही आग्रह केला नाही, तोंडही वाकडे केले नाही. शोमरोनी स्त्री, जन्मांध आणि लाजरस यांच्या बायबलमधील कथांचे त्या काळातले तीन रविवार मी मागच्या बाकावर बसून ऐकले. ईस्टरच्या जागरणरात्री माझ्या चार सोबत्यांना स्नानसंस्कार, दृढीकरण (श्रद्धा दृढ करणारा संस्कार) आणि पहिला ख्रिस्तप्रसाद एकाच विधीत मिळाला, तेव्हा मेणबत्ती धरून मीही उभा होतो. नवा वर्ग सुरू झाला आहे आणि मी पुन्हा जाऊ लागलो आहे. या खेपेस माझी धर्ममाता (दीक्षेच्या वाटेवर साथ देणारी गॉडमदर) होण्यास तयार असलेल्या बाई मराठीत बोलतात.