दहा मीटर ढील

माझं माहेर येवल्याचं. संक्रांतीला तीन दिवस गच्चीवर आसारी, म्हणजे मांजाची फिरकी, धरायचं काम माझ्याकडे असायचं, पतंग भाऊ उडवायचा. तो "ढील, ढील दे!" म्हणून बोंबलायचा आणि माझा हात अडकला की पतंग गेलाच. ती आसारी मला इतक्या वर्षांनी आठवली ती कुत्र्याच्या पट्ट्यामुळे. गेल्या ऑक्टोबरात दहा मीटरचा लांब पट्टा घेतला, आता सात-आठ महिने वापरून झालाय, तेव्हा लिहायला हरकत नाही. ऑनलाइन शोधताना 'लाँग लाइन' असं टाका, नुसतं 'डॉग लीश' टाकलंत तर चार फुटीच दाखवतात.

आमची खारी देशी आहे. सोसायटीमागच्या बांधकामावर सापडली, रंग बेकरीतल्या खारीचा म्हणून खारी. वजन 17 किलो. घरात इतकी शहाणी की सासूबाईंच्या पूजेच्या वेळी देवघराच्या उंबऱ्याला नाकसुद्धा लावत नाही. आणि पुण्यातल्या वेताळ टेकडीवर नेली की ठार बहिरी. नावाने हाक मारा, गोड बोला, खडसावा, कानाची पाळी हलेल तर शपथ.

याआधी दोन ठिकाणी पैसे घालवले. पहिला तो बटण दाबलं की आपोआप गुंडाळला जाणारा पट्टा. दोरी बारीक, पायाला वेढा पडला आणि पोटरीवर भाजल्यासारखा लाल वळ उठला. शिवाय तो सतत थोडा ताणलेलाच असतो, त्यामुळे कुत्रं हेच शिकतं की ओढलं की पुढे जाता येतं. दुसरा खर्च म्हणजे घरी येणारे एक ट्रेनर. त्यांनी चोक चेन, म्हणजे ओढली की गळ्याला आवळणारी साखळी, आणली आणि "मॅडम, तुम्ही अल्फा, म्हणजे कळपाचा म्होरक्या, व्हायला पाहिजे, तिच्याआधी दारातून बाहेर पडायचं, तिच्याआधी जेवायचं" असा पाठ दिला. हे अल्फा प्रकरण कुठून आलं ते नंतर वाचलं. 1947 साली रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या, पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांवर लिहिलं होतं. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी पुढे ती कल्पना लोकांपर्यंत नेली आणि 1999 साली त्यांनीच लिहिलं की रानातला कळप म्हणजे साधं कुटुंब असतं: आई, बाप, पोरं. म्हणजे तुरुंगातल्या भांडणावरून कुणी चाळीतल्या बिऱ्हाडाचे नियम ठरवावेत, तसं झालं. चौथ्या दिवशी साखळीचा आवाज ऐकून खारी पलंगाखाली गेली. मी ट्रेनरना नमस्कार केला.

आता पट्टा. पहिला घेतला तो नायलॉनचा, साडेसहाशेचा. पुण्याच्या टेकड्यांवर हा घेऊ नका. पावसाळा संपला की टेकडीवर कुसळं तयार होतात, आणि विणलेल्या पट्ट्याला ती अशी चिकटतात की घरी आल्यावर अर्धा तास चिमट्याने वेचत बसा. बरं, तोच पट्टा हातातून सरकला की कुसळं तळहातात. दवात भिजला की जड होतो, आणि दोन दिवस गॅलरीत वाळत घातला तरी ओल्या पायपुसण्याचा वास जात नाही. महिन्याभरात दुसरा घेतला, वरून प्लॅस्टिकचा लेप असलेला, अठराशे रुपये. त्याला कुसळ धरत नाही, चिखल फडक्याने पुसला की गेला. वजनाला थोडा जास्त आहे आणि ओला असताना निसरडा होतो, म्हणून मी बागकामाचे हातमोजे घालते. हुक मात्र अगदी टुकार निघाला, पहिल्या अवकाळी पावसात गंजला. हार्डवेअरच्या दुकानातून पितळी हुक आणून चपलावाल्याकडून शिवून घेतला. पाचातला एक तारा त्या हुकाचा कापला.

पहिल्याच आठवड्यात खाणीच्या वरच्या अंगाला मोर दिसला. खारी सुटली, मी हाताला दोन वेढे घेतलेले (येवल्याची सवय, कधीही घेऊ नका), पट्टा गळपट्ट्याला लावलेला. दहा मीटर संपले तेव्हा ती हवेत उलटी फिरली आणि मी गुडघ्यांवर. तिला पाच मिनिटं ठसका लागला होता. त्या ठसक्याची मला अजून लाज वाटते. साधं गणित आहे: चार फुटांत कुत्र्याला वेग घ्यायला जागा नसते, दहा मीटरमध्ये असते, आणि तो सगळा वेग मानेवर येऊन थांबतो. लांब पट्टा फक्त हार्नेसला, म्हणजे छाती-पाठीभोवती बांधायच्या पट्ट्याला लावायचा, कडी पाठीवर असलेल्या. आणि मोराबद्दल कुणाला वाटेल की पळू द्यावं थोडं, तर 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तो पहिल्या परिशिष्टात आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी घर त्याचं आहे.

पट्ट्याने कुत्रं शिकत नाही, पण पट्ट्यामुळे मला घाबरायचं थांबता आलं. ती कुठे पळून जाणार नाही म्हटल्यावर मी ओरडणं सोडलं. पहिले दोन आठवडे हाकच मारली नाही. नुसतं मागे चालायचं, आणि तिने आपणहून वळून बघितलं की "हां!" म्हणून उकडलेल्या कलेजीचा नखाएवढा तुकडा द्यायचा. मी लोकांची जीएसटीची रिटर्न्स भरते, नोंद ठेवल्याशिवाय चैन पडत नाही. पहिल्या दिवशी चाळीस मिनिटांत तिने तीनदा वळून पाहिलं. विसाव्या दिवशी बावीस वेळा, आणि या वीस दिवसांत दोनदा तर कलेजीची डबी घरी राहिली होती.

मग हाक. "ये" हा शब्द आम्ही वाया घालवला होता. आंघोळीला ये, औषधाला ये, फिरणं संपलं चल ये. बोलावणं आलं की काहीतरी वाईटच होतं, मग ती का येईल? नवा शब्द घ्यायचा ठरलं. सासूबाई म्हणाल्या, "भाकर म्हण, तिला भाकर आवडते." आधी घरात: "भाकर!" आणि लगेच तुकडा. क्रम महत्त्वाचा. पावलोव्ह या शास्त्रज्ञाच्या कुत्र्यांवरच्या प्रयोगातही आवाज आधी आणि अन्न मागून होतं. आपण पुडी आधी खुळखुळवतो आणि हाक नंतर मारतो, मग कुत्रं पुडीचं ऐकतं. घरात जमल्यावर जिन्यात, मग पार्किंगमध्ये, मग टेकडीवर. आली की खाऊ, आणि दहातल्या आठ वेळा परत सोडून द्यायचं, "जा". हे "जा" मला खाऊपेक्षा मोठं बक्षीस वाटतं, कारण परत आल्यावर मजा संपत नाही हे तिला कळतं. सकाळी साडेसहाला टेकडीवर एक बाई "भाकर! भाकर!" ओरडतेय, याचं फिरायला येणाऱ्या काकांना आता काही वाटत नाही. एकांनी सुरुवातीला विचारलं होतं, विकता का म्हणून.

कुणी घेऊ नये तेही सांगते. नुसतं सोसायटीच्या रस्त्यावर फिरवणाऱ्यांनी नको, स्कूटरखाली अडकेल. भटक्या कुत्र्यांच्या टोळीत नको, तिथे गाठी बसतात आणि भांडणं लागतात. गिरिपुष्पाच्या झाडांच्या दाटीत तर नकोच, प्रत्येक बुंध्याला एकेक प्रदक्षिणा होते. ज्यांचे गुडघे माझ्यासारखे पन्नाशीचे आहेत त्यांनी पाच मीटरचा घ्यावा. हँडलची शिवण उसवून टाकावी म्हणजे जमिनीवर सोडल्यावर ते दगडात अडकत नाही, आणि टोकापासून दोन मीटरवर एक गाठ मारावी, पायाखाली दाबायला.

फेब्रुवारीत परत मोर आला, त्याच खाणीजवळ. पट्टा पूर्ण सैल जमिनीवर होता, माझा पाय गाठीपासून लांब. खारी एक पाय उचलून थांबली. मी हळूच म्हटलं, "भाकर." तिने मोराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत मोराकडे पाहिलं, आणि आली. डबीतली सगळी कलेजी दिली.

एक तोटा राहिला. रात्री जेवताना सासूबाई ह्यांना विचारतात, "अजून भाकर वाढू का रे?" आणि खारी गॅलरीतून धावत येऊन ताटासमोर बसते. हाक मारल्यावर आली तर द्यायचंच, हा नियम मीच घातलाय, त्यामुळे मला काही बोलता येत नाही. सासूबाई तिला पापुद्र्याचा तुकडा देतात, आणि मला वाटतं त्या मुद्दाम विचारतात.