400 रुपयांचा ट्वीड कोट आणि त्याचं अस्तर : दहा महिन्यांनंतर

दिवाळी झाली की जुन्या बाजारात पुन्हा लोकरीच्या कपड्यांचे ढीग लागतील, म्हणून हे आत्ताच लिहून टाकते. गेल्या नोव्हेंबरात एका रविवारी मंगळवार पेठेतल्या बाजारात पथारीवर एक कोट दिसला. पुरुषी बेताचा, जाड लोकरीचा, तपकिरी-हिरवा, हेरिंगबोन म्हणजे माशाच्या काट्यासारख्या विणीचा. सांगितले 900, घासाघीस होऊन 400 ला मिळाला. कॉलरखाली लेबल होतं, त्यावर गोल आणि गोलावर क्रूस. हॅरिस ट्वीड! तिथेच उकिडवी बसून मी ते लेबल दोनदा वाचलं.

कापडाबद्दल मला एका अक्षराचीही तक्रार नाही. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर राहणाऱ्या विणकरांनी आपल्या घरीच, हातमागावर विणलेलं कापड असेल तरच त्याला हे नाव लावता येतं. 1993 पासून तसा कायदाच आहे, आणि गोलाची खूण तर 1910 सालची. पण हे सगळं मला नंतर कळलं. बाजारात हाताला कळलं ते एवढंच, की हे आपल्या घोंगडीच्या जातीचं आहे. तसंच खरखरीत, तसंच भरीव. जवळून बघितलं तर तपकिरी दिसणाऱ्या धाग्यात गंजाचा, शेवाळाचा, थोडा निळाही रंग सापडतो, कारण लोकर आधी रंगवतात आणि मग वेगवेगळे रंग एकत्र पिंजून सूत काततात. आमच्या आजोबांची सांगोल्याकडची घोंगडी अजून घरात आहे. चिंचोक्याची खळ दिलेली, उभी केली तर उभी राहील अशी. दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या. वास वेगळा, अंगची रग तीच.

आता मुद्द्यावर येते. अस्तर.

घेताना मी कोपरं पाहिली, बटणं पाहिली, उजेडात धरून कसरीची, म्हणजे लोकर खाणाऱ्या किडीची, भोकं मोजली. तीन सापडली. आत मात्र नुसता हात फिरवला आणि गुळगुळीत लागलं म्हणून पुढे झाले. ही माझी चूक. जुन्या कोटात लोकर पन्नास वर्षं टिकते, रेशमासारखं दिसणारं अस्तर टिकत नाही. घाम जिरून जिरून बगलेत ते आधीच कुजलेलं असतं. जानेवारीत एक दिवस बाहीत हात घातला तो अस्तराच्या भोकातून भलतीकडेच गेला. घाईत शिवण आणखी उसवली आणि आठवड्याभरात आतून लक्तरं लोंबायला लागली. बाहेरून कोट राजासारखा आणि आतून ही दशा. कुठे गेले तरी काढून खुर्चीवर टाकायची मला लाज वाटायची.

मग दुरुस्तीच्या एका दुकानात दिला. दुकानाचं नाव लिहीत नाही, पण झालेलं सांगते. 900 रुपये घेतले, आठ दिवसांनी चकचकीत मरून सॅटिनचं अस्तर घालून दिलं. दिसायला नेटकं. एकोणिसाव्या दिवशी बसमध्ये वरची दांडी धरायला हात उंच केला आणि पाठीत टर्रकन आवाज झाला. मुंढ्यापासून, म्हणजे बाही जोडतात तिथून, खाली वीतभर फाटलं. परत घेऊन गेले तर म्हणाले, "मॅडम, जुना माल आहे, आम्ही गॅरंटी देत नाही." अहो, फाटलं ते तुम्ही घातलेलं नवं कापड! जुना माल तर जसाच्या तसा आहे. हे मी त्यांना तीन वेगवेगळ्या दिवशी, तीन वेगवेगळ्या स्वरांत सांगून पाहिलं. पैसे मिळाले नाहीत ते नाहीतच. 400 च्या कोटावर 900 घालवले ह्याचं दुःख होतंच, पण जास्त राग आला तो आपलं काम तपासायलाही ते तयार नव्हते ह्याचा.

त्या वेळी हे लिहिलं असतं तर "जुन्या कोटाच्या नादी लागू नका" एवढंच लिहिलं असतं. मत बदललं ते मार्चमध्ये.

आमच्या भागात एक वयस्कर टेलर मास्तर आहेत. आता ते फक्त दुरुस्तीची कामं घेतात. त्यांनी कोट उलटा केला, पाठीच्या मधोमध बोट फिरवलं आणि म्हणाले, "ताई, ह्यात चुणीच सोडलेली नाही." चुणी म्हणजे काय ते त्यांनी मूळ अस्तराच्या चिंध्या टेबलावर पसरून दाखवलं. पाठीच्या मध्यावर वरपासून खालपर्यंत साधारण इंचभर कापडाची घडी दुमडलेली होती. लोकर ओढली तर थोडी ताणते, अस्तर ताणत नाही. म्हणून अस्तर कोटापेक्षा मोठंच कापायचं, पाठीत चुणी, खाली घेराला थोडा झोल, आणि मुंढ्याच्या तळाशी सैल. हात पुढे केला की चुणी उघडते, ताण शिवणीवर जात नाही. दुकानवाल्यांनी कोटाच्या मापाबरहुकूम कापड कापलं आणि बेतशीर बसवलं. बेतशीर बसलं म्हणूनच फाटलं. आता कुणाचाही कोट दिसला की माझा हात आधी पाठीकडे जातो.

आणि इथून पुढे हा कोट खऱ्या अर्थानं माझा झाला.

मास्तर म्हणाले, कापड तुम्ही आणा. आईची एक इरकल बोहारणीला द्यायच्या गठ्ठ्यात पडली होती. गडद हिरवी, नेसायला विरलेली, पण काठ-पदर शाबूत. मला ती आत हवी होती. मास्तरांनी आधी नकार दिला: सुती कापड अस्तराला चालत नाही, ब्लाउजच्या बाहीला चिकटतं, कोट अंगात सरकत नाही. बरोबरच होतं त्यांचं. पण इरकलीची गंमत अशी की अंग सुती आणि पदर रेशमी. दोन्हींचे ताणे टोपी-तेणीच्या पद्धतीनं एकमेकांत अडकवून जोडलेले असतात. मी पदर त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन बोटांत चोळला, बाहीची लांबी मोजली, पन्ह्यावर दोन बाह्या शेजारी शेजारी मांडून पाहिल्या. बसल्या! खडूनं खूण करताना म्हणाले, "पाठीला सुती घेतो, हाताला पदर." 1100 रुपये शिलाई, दोन आठवडे. समोरच्या पट्टीला लागून काठ उभा लावला. पाठीत चुणी, अर्थातच.

तेव्हापासून अस्तराला काहीही झालेलं नाही. बस, रिक्षा, ट्रेन, जुलैतलं महाबळेश्वर, सगळं झालं. हात घालताना लाल पदराची पांढरी नक्षी क्षणभर दिसते आणि बाहीत गुडूप होते. मी हा कोट सुती साडीवर घालते, बाह्या दोनदा दुमडून, त्यामुळे मनगटापाशी तोच लाल पट्टा बाहेर येतो. कॉलेजात शिकवताना खडूची धूळ ट्वीडवर दिसत नाही, हा आणखी एक फायदा. गेली पंधरा वर्षं मी दर दिवाळीला नवे कुर्ते घेत होते. त्यांतला एकही कुणाच्या लक्षात राहिला नाही. आता स्टाफरूममध्ये कोट नसला तर विचारतात.

आईचं मत वेगळं होतं. "कुणाच्या अंगावरचं, काय माहीत! गेलेल्या माणसाचं असलं तर?" मी तिला विचारलं, "आई, माझ्या बारशाआधी मला काय घातलं होतंस?" आपल्याकडे तान्ह्या बाळाला पहिल्यांदा जुनंच घालतात, धुऊन धुऊन मऊ झालेलं, कुणाच्या तरी अंगावरचं. जुन्या लुगड्यांची दुपटी आणि गोधड्या तर तिनं स्वतः शिवल्यात. ती गप्प बसली, पण पटलं नव्हतं. काठ लावलेला कोट घरी आला तेव्हा मात्र तिनं तो उलटा करून बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "ही तुझ्या मावशीच्या लग्नातली." मला हे माहीतच नव्हतं.

कसरीबद्दल थोडक्यात. भोकं पाडते ती अळी, उडणारा पतंग काही खात नाही. त्यामुळे नुसते पतंग मारून भागत नाही. बाजारातून लोकरीचं काहीही आणलं तर ते घरात पसरायच्या आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बांधा आणि उणे 18 अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर लगेच पिशवी उघडू नका, नाहीतर दव धरून कापड ओलं होतं. आई फ्रीजरमध्ये कोट बघून दोन दिवस बोलली नाही, पण नवीन भोक एकही पडलेलं नाही. तीन जुन्या भोकांच्या रफूला 450 पडले. रफू इतकं सुरेख आहे की आता जागा मलाच शोधावी लागते. आधीच्या मालकाच्या डांबरगोळ्यांचा वास मात्र सावलीत, वाऱ्यावर टांगून जायला तीन आठवडे लागले. आता कपाटात वेखंड ठेवते.

पावसाळ्यासाठी मत पुन्हा थोडं बदलावं लागतंय. महाबळेश्वरला भिजला तेव्हा पाणी आत आलं नाही, पण वाळायला तीन दिवस लागले आणि सुती पाठीला बुरसट वास धरला. सॅटिन असतं तर धरला नसता. सुती नको असं मास्तरांनी आधीच सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही.

हिशोब: कोट 400, फुकट गेलेले 900, रफू 450, खरं अस्तर 1100. एकूण 2850. दुकानाचे 900 वगळले तर 1950, आणि एवढ्यात कोटापुरतं हॅरिस ट्वीड नवं मिळत नाही.

तुम्ही घ्यायला जाल तेव्हा कोट तिथेच उलटा करा. बगलेचं अस्तर दोन बोटांत धरून हलकं ओढा. विरतंय असं वाटलं तर शिलाईचा खर्च धरूनच भाव करा. अस्तर नवं असेल तर पाठीत चुणी आहे का बघा. पथारीवाला कंटाळेल, कंटाळू द्या.

डाव्या खिशाची आतली पिशवी परवा उसवली. इरकलीचा हातभर तुकडा अजून शिल्लक आहे. शनिवारी घेऊन जाणार आहे मास्तरांकडे.