जाड नळी की बारीक? .२२ रायफलीचा खान्देशातल्या तिन्ही ऋतूंतला अनुभव

जाड नळीची रायफल घ्यायची असेल तर वजनासाठी घ्या, अचूकपणासाठी घेऊ नका. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा .२२ च्या (गोळीचा व्यास सुमारे ०.२२ इंच) दोन्ही प्रकारच्या नळ्या वापरून झाल्या आणि माझं मत इथे येऊन ठरलं. असं का, ते सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न आजकाल आमच्याकडे फार विचारला जातो. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला कोल्हापूरच्या स्वप्निल कुसळेने रायफलच्या ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभ्याने) ४५१.४ गुणांनी कांस्य मिळवलं. तो मध्य रेल्वेचा माणूस, त्यामुळे भुसावळकडे कौतुक जरा जास्तच झालं. तेव्हापासून जळगाव-धुळ्याची पोरं भेटली की पहिला प्रश्न हाच असतो, "दादा, हेवी बॅरल घेऊ ना?"

माझ्याकडची बारीक नळीची रायफल वडिलांकडून आली. तिची नळी तोंडाशी साधारण १६ मिलिमीटर आहे. दुसरी खेळाच्या परवान्यावर घेतलेली, तिची नळी शेवटपर्यंत सरळ २२ मिलिमीटर. दुर्बीण एकच, ती आळीपाळीने दोन्हींवर चढवली. काडतुसं एकाच लॉटची (एकाच खेपेत बनलेली), स्टँडर्ड वेगाची, ४० ग्रेनच्या (सुमारे २.६ ग्रॅम) गोळीची. ट्रिगर मात्र वेगवेगळे आहेत, तेव्हा सगळा फरक नळीचाच आहे असं मी म्हणणार नाही.

आधी हिशेब. नळीचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे १६ ची २२ केली की ताठपणा साडेतीन पटीच्या वर जातो आणि वजन साधारण दुप्पट होतं. गोळी सुटताना नळी थरथरते, ती थरथर ताठ नळीत कमी असते. हे सगळं खरं आहे. पण .२२ च्या काडतुसात दारू असते एक-दोन ग्रेन, आणि लष्करी ५.५६ च्या काडतुसात पंचवीसच्या आसपास. "लागोपाठ फायर केलं की बारीक नळी तापते आणि ग्रुप (टार्गेटवरच्या छिद्रांचा पुंजका) फाकतो" ही तक्रार मोठ्या काडतुसांची आहे, ती .२२ च्या गळ्यात बांधण्यात अर्थ नाही. मी सँडबॅगवर टेकवून, चांगल्या लॉटने, निवांत फायर केलं तेव्हा दोन्ही नळ्यांच्या ग्रुपमध्ये सांगण्यासारखा फरक पडला नाही.

रायफल खांद्याला आली की मग फरक दिसतो. प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून, स्लिंग (दंडाला बांधायचा पट्टा) आवळून जाड नळी धरली की साइट काळ्या वर्तुळावर जणू बसून राहते. नाडीचा ठोका तिच्यात उमटतो, पण हळू आणि लहान. ट्रिगर दाबताना बोटाकडून थोडी ओढाताण झाली तरी ती पोटात घालते. बारीक नळी काहीच लपवत नाही, जरा हलला की टेनचा नऊ. ५० मीटरच्या टार्गेटवर टेनचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटरचं असतं. थकल्यावर, मॅचच्या शेवटच्या शॉट्समध्ये, जाड नळीने माझे गुण वाचवले यात शंका नाही.

वारा मात्र कुठलीच नळी थांबवत नाही. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्या उभ्या आहेत, त्यावरून इकडच्या वाऱ्याची कल्पना यावी. ताशी १० किलोमीटरचा आडवा वारा .२२ च्या गोळीला ५० मीटरवर १५ ते २० मिलिमीटर ढकलतो, म्हणजे टार्गेटवरच्या गुणांच्या वर्तुळांतल्या जवळजवळ दोन रिंग. जास्त वेगाची काडतुसं घेतली तर हे ढकलणं कमी होत नाही, उलट वाढतं. मे-जूनमध्ये झेंड्यांकडे बघायला शिकणं हे नवीन नळीपेक्षा कितीतरी मोलाचं.

आता आमच्याकडच्या उन्हाचं. जळगावला वैशाखात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. काळी, जाड नळी उन्हात ठेवली की तापायला वेळ लागतो, पण एकदा तापली की सावलीत आणूनही कितीतरी वेळ गरम राहते. नळीवरून उठणारी हवा साइटच्या रेषेत येते आणि टार्गेट पाण्यात ठेवल्यासारखं हलायला लागतं. नेमबाज नळीच्या वर एक रुंद पट्टी ताणून बांधतात, ती यासाठीच. इथे तिला पर्याय नाही. शिवाय रायफल पांढऱ्या कापडाखाली झाकून ठेवायची. बारीक नळीचा हा त्रास कमी, ती लवकर निवते.

पावसाळ्यात पारडं फिरतं. कोरड्या मे महिन्यानंतर जुलैची दमट हवा लागली आणि बारीक नळीच्या रायफलीचा लाकडी दस्ता फुगून नळीला एका बाजूने टेकला. झिरो, म्हणजे साइट जुळवून बसवलेला नेम, डावीकडे सरकला. दहाची नोट नळी आणि दस्ता यांच्यामधून सरकवून पाहिली तर मधेच अडली. तिथलं लाकूड पॉलिश पेपरने घासून वाट मोकळी केली, वार्निशचा हात दिला, मग झिरो जागेवर राहिला. दस्त्याचा असा दाब बारीक नळीला फार जाणवतो. जाड नळी ताठ असल्याने तेवढी बिथरत नाही, पण मोकळी तिलाही हवीच.

नळीपेक्षा मोठं काय, असं कुणी विचारलं तर मी नळीचं तोंड, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) आणि काडतूस ही तीन नावं घेईन. तोंड तपासायला आपल्याकडे साधन घरातच आहे: सरकीपासून सुटा केलेला कापूस. रायफल रिकामी, बोल्ट बाहेर काढलेला, हे आधी स्वतः डोळ्यांनी बघायचं. मग कापसाची बारीक वात तोंडाच्या आतल्या कडेवरून सावकाश फिरवायची. कड स्वच्छ असेल तर वात गुळगुळीत फिरते, कुठे खरडा असेल तर तिथे तंतू अडकून राहतो. असा तंतू अडकला तर कितीही जाड नळी असो, ती रायफल परत ठेवा. काडतुसांचं म्हणाल तर गोळीच्या वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक पडला की ५० मीटरवर सुमारे ८ मिलिमीटरचा वर-खाली फरक येतो. म्हणजे पूर्ण एक रिंग. तेवढे पैसे आधी दोन-चार लॉट तपासण्यात घाला.

आणि एक गोष्ट स्पष्टच सांगतो. केळीत, मक्यात रानडुकरं येतात म्हणून .२२ घ्यायची असेल तर हे लिखाण तुमच्यासाठी नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, आणि .२२ ने डुक्कर मरत नाही, जखमी होऊन तडफडतं.

उभ्याने फायर करण्याचा विषय मुद्दाम शेवटी ठेवला. माझी पुतणी क्लबवर सराव करते. तिने जाड नळीची रायफल पहिल्यांदा खांद्याला लावली तेव्हा शेजारचे आप्पा म्हणाले, "हाई ते मुसळ शे, पोरी!" तिने तरी धरली, पण डावं कोपर कंबरेवर टेकेना, पाठ मागे वाकायला लागली. म्हणाली, "काका, ही पुढेच ओढते." अडचण एकूण वजनाची नव्हती, वजन कुठे आहे त्याची होती. तिच्या हातात बारीक नळीची रायफल दिली आणि हाताजवळ दस्त्याखाली छोटी लोखंडी वजनं बसवली, तेव्हा तिचा उभा ग्रुप आटोक्यात आला.

तिच्यासाठी रायफल घ्यायची वेळ येईल तेव्हा मी १८ मिलिमीटरच्या आसपासची, १६ ते १८ इंच लांबीची नळी बघणार आहे. .२२ च्या दारूला तेवढी लांबी पुरते. त्यापुढे वेग फारसा वाढत नाही, पुढचं ओझं तेवढं वाढतं. दुर्बिणीऐवजी साइट्स लावायच्या तर नळीच्या पुढे हलकं पोकळ नळकांडं जोडून दोन साइट्समधलं अंतर राखता येतं. मोठ्या स्पर्धांतले नेमबाजही तेच करतात.