पानं वाळवायची की फ्रीजरमध्ये टाकायची?

बेसिलला एकदा फुटवा आला की थांबत नाही, पुदिना शेजारच्या वाफ्यात घुसतो आणि घरात खपतील त्याच्या कितीतरी पट पानं हाताशी येतात. ती टिकवायची कशी, हे ठरवताना बहुतेक जण पद्धत आधी निवडतात. कुणी सगळं वाळवतं, कुणी सगळं गोठवतं, आणि दोघांचाही बराच माल वाया जातो. माझ्या मते पानाकडे बघून ठरवावं. काडी टणक आणि पान चिवट असेल तर वाळवा. पान मऊ, रसरशीत असेल तर गोठवा. काही पानं मात्र या नियमात बसत नाहीत.

रोजमेरी, थाइम, ओरेगॅनो, सेज ही वाळवणीची मंडळी. यांच्या पानांत पाणी तुलनेने कमी असतं, त्यामुळे ती सहज वाळतात आणि वासही बराचसा टिकतो. ओरेगॅनो तर वाळल्यावरच जास्त उग्र, खमंग लागतो. खर्चही जवळपास नाही. लहान जुड्या बांधून हवेशीर, अंधाऱ्या जागी उलट्या टांगल्या की एक-दोन आठवड्यांत काम होतं. कडक उन्हात मात्र ठेवू नका, रंग आणि वास दोन्ही उडतात. हवा दमट असेल तर जुडीच्या मधोमध बुरशी धरते. तिथे डिहायड्रेटर, म्हणजे पदार्थ मंद उष्णतेवर वाळवणारं यंत्र, बरा; तापमान ३५ ते ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास. त्याहून जास्त तापवलं की पानांतलं सुगंधी तेलच उडून जातं.

पान नीट वाळलंय का, हे बोटांना कळतं. चुरडल्यावर कुरकुर करत तुटलं तर झालं, वाकलं तर आत ओल आहे. बरणी भरल्यावरही पहिला आठवडाभर रोज ती उजेडात धरून बघा. काचेला आतून दमटपणा दिसला तर सगळं बाहेर काढून पुन्हा वाळवायचं. पानं शक्यतो अख्खी ठेवावीत आणि चुरा वापरायच्या वेळीच करावा. वर्षभरात संपवलेली बरी. त्यानंतर ती खराब होत नाहीत, पण त्यांना चवही राहत नाही. चिरलेली ताजी पानं तीन चमचे लागत असतील, तिथे वाळलेली एक चमचा पुरतात.

आता कोथिंबीर, पार्सली, शेपू, चाइव्ह (कांद्याच्या बारीक पातीसारखी). कोथिंबिरीचा वास ज्या द्रव्यांमुळे येतो ती चटकन उडणारी असतात. वाळवली की हातात गवत उरतं. हिला फ्रीजरच हवा. धुऊन, कोरडी करून बारीक चिरा, बर्फाच्या ट्रेमध्ये थोडं पाणी घालून गोठवा, मग वड्या पिशवीत भरून हवा दाबून काढा. उणे १८ अंशांवर सहा महिने तरी चव चांगली राहते. पण गोठताना बर्फाचे कण पानाच्या पेशी फोडतात, त्यामुळे वितळलेलं पान लोळागोळा होतं. वरून भुरभुरवायला त्याचा उपयोग नाही. वडी तशीच गरम भांड्यात टाकायची. शिवाय जागा अडते, आणि वीज वारंवार जात असेल तर या साठ्याचा भरवसा धरू नये.

बेसिल खरा हट्टी. वाळवला तर चव बदलते, कच्चा गोठवला तर काळा पडतो आणि साध्या फ्रीजमध्येही त्याच्या पानांवर काळे डाग येतात. पानं काही सेकंद उकळत्या पाण्यात बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकली की काळं पाडणारी विकरं (एन्झाइम) निकामी होतात. ती टिपून गोठवा, किंवा तेलाबरोबर वाटून वड्या करा. मला वाटण जास्त पटतं, खटपट कमी. पुदिना दोन्ही प्रकारे चालतो, फक्त वाळवायचा तर पटकन. रेंगाळला की काळवंडतो.

तेलात बुडवून ठेवलेल्या काड्यांची बाटली ओट्यावर फार सुंदर दिसते, पण ओली पानं तेलात घालून बाहेर ठेवणं धोक्याचं आहे. तेलाखाली हवा नसते, आंबटपणाही नसतो, आणि बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूला नेमकं हेच मानवतं. वासावरून कळेलच असं नाही. असं तेल फ्रीजमध्ये ठेवून दोन-चार दिवसांत संपवा किंवा गोठवा. बाटलीच हवी असेल तर व्हिनेगर घ्या.

पद्धत कुठलीही असो, तोडणी मात्र फुलं यायच्या आधी आणि सकाळी, दव सुकल्यावर करा. तेव्हा पानांत सुगंधी तेल भरपूर असतं.

अजून लावायचंच असेल आणि जागा थोडी असेल, तर रोजमेरी-थाइमला एकेक कुंडी पुरे. ती वर्षानुवर्षं टिकणारी झाडं आहेत. कडाक्याची थंडी नसेल तर हवी तेव्हा काडी तोडता येते, साठवणीची फारशी गरजच पडत नाही. पुदिन्याला वेगळी कुंडी द्या, नाहीतर तो सगळी जागा बळकावतो. कोथिंबीर दर दोन-तीन आठवड्यांनी थोडी थोडी पेरत राहणं हे तिला गोठवण्यापेक्षा सोपं. उन्हाळ्यात ती लवकर फुलावर येते. आलीच तर उपटू नका; दाणे तपकिरी होईपर्यंत उभी ठेवा. धणे बरणीत आरामात टिकतात आणि पुढच्या पेरणीलाही तेच चालतात.